खालचा आकडा

मी पोटापाण्यासाठी अंदाज करते. कुणीतरी मोबाइलवर बोट टेकवून क्रिप्टोची ती न दिसणारी नाणी दुसऱ्याला पाठवली, तर त्या एका व्यवहारामागे किती वीज जळली आणि किती कार्बन हवेत गेला, हे मी पुण्यात बसून काढते. लोकांना वाटतं सोपं आहे. हे व्यवहार नोंदवून त्याबदल्यात नवी नाणी कमावणाऱ्या जगभरच्या मशिनींची वीज घ्यायची, व्यवहारांच्या संख्येनं भागायचं, झालं. मला या भागाकाराचा राग येतो. कुणी काही पाठवो न पाठवो, मशिनी चालूच असतात. मग कुणाच्या माथी किती मारायचं? त्यात मशीन कुठल्या गावात आहे, तिथली वीज कोळशाची की पाण्याची, हेही कुणी धड सांगत नाही. म्हणून मी नेहमी दोन आकडे देते, खालचा आणि वरचा. एकच आकडा देणारा खोटं बोलतो, असं मी येता-जाता सगळ्यांना ऐकवायचे.

माझ्या धाकट्या भावानं वारूळवाडीच्या मळ्यात असल्याच मशिनी बसवल्या. त्या वर्षी कांदा लावला नव्हता, त्यामुळे बराखी रिकामी होती. कांदा साठवायच्या या लांबट खोपटातून हवा आरपार खेळते, म्हणून कांदा सडत नाही. मग मशिनीही तापणार नाहीत, असं त्याचं डोकं चाललं. एकेक मशीन म्हणजे अखंड चालू ठेवलेला गिझर. त्यांच्या पंख्यांच्या घोंघाटात दारातला माणूस ओरडला तरी कळायचं नाही. मी कपाळाला हात लावला, पण आईला त्याचं फार कौतुक.

आईचं माहेर मढकडचं, डोंगरातलं. भाताची खाचरं आणि चुलीचा धूर यांत तिचं निम्मं आयुष्य गेलेलं. त्या धुरानंच तिची फुफ्फुसं खाल्ली. शेवटी शेवटी नाकात नळी असायची आणि खाटेशेजारी ऑक्सिजनचं मशीन, विजेवर चालणारं. तिथनं ती भावाला हाक मारून विचारायची, "पिकला का रं तुझा बिनवासाचा कांदा?" बराखीच्या मागल्या अंगाला मशिनींची गरम हवा यायची. तिथं तिनं सुनेकडून कुरडया वाळत घालून घेतल्या. मी फोनवर म्हटलं, "आई, या कुरडयांचा कार्बन मोजावा लागेल." ती म्हणाली, "मोज की. आदी खा, मग मोज."

आमच्याकडे घरची लाईट कायम असते, भावाच्या मशिनी आणि आईचा ऑक्सिजन त्यावरच; मोटारींची थ्री फेज लाईट मात्र पाळीनं येते. लाईट आल्यावर विहिरीवर पळत कोण जाणार, म्हणून प्रत्येकानं मोटारीला ऑटो स्विच लावलेला. लाईट आली की आसपासच्या सगळ्या मोटारी एकदम उठतात आणि त्या सगळ्यांचा भार खांबावरच्या एकाच ट्रान्सफॉर्मरवर, आमच्या डीपीवर, पडतो. घरची लाईटही त्याच डीपीवरून. पाळ्या लावून मोटारी चालवाव्यात असं बोलणं दर उन्हाळ्यात होतं. पण आपली मोटर बंद ठेवून शेजाऱ्याला पाणी उपसू देईल असा माणूस आमच्या मळ्यात अजून जन्मायचा आहे.

मे महिन्यातल्या एका दुपारी लाईट आली. मोटारी उठल्या, मशिनी चालूच होत्या, आणि डीपी जळाली. वायरमन म्हणाला, आज काही होत नाही. इन्व्हर्टरनं थोडा वेळ तग धरला. मग भावानं घरातला ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर जोडला आणि आईला गाडीत घालून तिच्या डॉक्टरकडे मंचरला निघाला. वाटेत, कळंबच्या अलीकडे, सिलिंडर संपला.

दवाखान्यात तिला लगेच ऑक्सिजन लावला. मी पुण्याहून पोचले तेव्हा तिनं माझा हात धरला, पण बोलायला तिच्यात त्राण नव्हतं. ती मळ्यात परत आली नाही. डॉक्टर म्हणाले, फुफ्फुसं संपलीच होती, आज ना उद्या हे होणारच होतं.

तेरावं झाल्यावर पाहुणे गेले. भाऊ बंद मशिनींपाशी बसला होता. बराखीत इतकी शांतता की बसवेना.

"ताई, तू हेच मोजतीस ना? मग माझं मोज. डीपी माझ्यामुळं गेली का मोटारींमुळं?"

"असं नसतं मोजता येत."

"रिपोर्टात कसं येतं मग? मोटारी सगळ्यांच्या व्हत्या, मला मान्य हाय. त्यात माझं किती, तेवढं सांग."

मोजता येत होतं. मशिनीवर तिची वीज लिहिलेली असते, मोटारीवर तिची ताकद. सगळ्यांचा भार एकत्र धरून वाटून दिला, तर त्याच्या वाट्याला दोन-तीन मोटारींइतका येत होता. हा खालचा आकडा. पण मोटारी वर्षानुवर्षं तशाच एकदम उठत होत्या आणि डीपी तगून होती. त्या उन्हाळ्यात नवीन होत्या त्या फक्त याच्या मशिनी. त्या नसत्या तर काय झालं असतं, असं विचारून हिशोब मांडला की सगळा दोष एकट्या त्याच्यावर येत होता. हा वरचा. माझ्या कामात हे दोन्ही हिशोब बरोबर धरतात. ते शेजारी शेजारी लिहून मी खाली सही करते आणि घरी जाऊन जेवते.

"दोन-तीन मोटारींइतकं," मी म्हटलं. "त्याहून जास्त काही नाही."

त्यानं जवळच्या मशिनीवरची धूळ तळहातानं पुसली.

"आन वरचा?"

"वरचा नाही यात."

"ताई, एकच आकडा देनारा खोटं बोलतो, तूच म्हनायचीस."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. म्हटलं, "आज एकच आहे." तेव्हा तो रडला. आई गेल्यापासून तोवर तो रडला नव्हता.