परांचीला मागं जागा नसते

परांची बांधायच्या दोरांवर रंगाचे थेंब पडतात. कितीही धुवा, जात नाहीत. किस्सेही तसेच साचत जातात. आयुष्यभर मी बांधकामांवर बांबूची परांची बांधली. म्हातारपणी परभणीच्या चित्रकार पोरांनी मला गाठलं. गावोगावच्या भिंतींवर ही पोरं घराएवढी चित्रं काढतात. ते त्याला म्युरल म्हणतात. मी भिंत म्हणतो.

यांना एक खोड आहे. चार फराटे मारायचे आणि कसं दिसतंय ते बघायला मागं सरकायचं. जमिनीवर चालतं. परांचीला मागं जागा नसते. म्हणून माझी एकच अट. कंबरेला दोर बांधल्याशिवाय कुणी वर जायचं नाही. माझ्या परांचीवरून आजवर माणूस पडलेला नाही. या वयात मला ते बघायचं नव्हतं.

*

पहिली भिंत सेलूला, कापसाच्या एका जिनिंग कारखान्याची. पोरांचा म्होरक्या अस्लम. हात सोन्याचा, वागणं बेफिकीर. शिडीवर शिडी बांधून वर चढला होता. मी खालून विचारलं, "आतापर्यंत किती जण पडले?"

"एकबी न्हाई, चाचा."

"म्हंजी मी येळेवर आलो."

*

शुभांगी त्यांच्यातली सगळ्यात धीट. कंबरेला दोर म्हटल्यावर तिचं डोकं फिरलं.

"काका, मी काय शेळी हाय का?"

"न्हाई. शेळीला कुठं थांबायचं ते कळतं."

दुसऱ्या दिवशी दोर घेऊन स्वतःच पुढ्यात उभी राहिली.

*

पेडगावला शाळेच्या भिंतीवर खुरपणारी बाई काढली. गावातली एक आजी आली. म्हणाली, डोक्यावर पदर पाहिजे. अस्लमनं पदर दिला. मग दुसरी आली, कपाळ मोकळं का? कुंकू लागलं. मग हिरव्या बांगड्या, मग नाकात नथ, मग गळ्यात बोरमाळ. दर वेळी अस्लम वर, आणि दर वेळी मी दोर तपासायला.

शेवटी पहिलीच आजी परत आली. बराच वेळ बघत राहिली.

"इतकी नटल्यावर खुरपायला कव्हा जाईल ही?"

*

झरीच्या फाट्यावर अस्लमनं हॉटेलवाल्याला दारावर चहाची किटली रंगवून दिली. फुकटात. शेवटचा हात फिरवला, सवयीनं मागं सरकला आणि भज्यांच्या पिठाच्या पातेल्यात बसला.

हॉटेलवाला मला म्हणाला, "मामा, याला जमिनीवरबी बांधत जा."

*

त्याच झरीला मग पाण्याच्या टाकीचं काम निघालं. टाकीवर कापूस वेचणाऱ्या म्हातारीचा चेहरा काढायचा होता. इतक्या उंच आम्ही कधीच गेलो नव्हतो. मी वरच्या कठड्यापाशी बसलेलो. अस्लम खाली परांचीवर, त्याचा दोर कठड्याला बांधलेला.

सकाळीच अस्लमनं कंबरेची गाठ सोडली होती. काचते म्हणाला. मी त्याला शिव्या घालून पुन्हा बांधायला लावली आणि वर एक गाठ माझ्या हातानं मारली.

दुपारी दोर ताडकन ताणला गेला.

मी वाकून बघितलं. परांचीच्या मागचा आडवा बांबू मी मुद्दाम लावला होता. हा शहाणा त्याच्याखालून वाकून मागं सरकला होता. आता हवेत लोंबकळत होता. एक चप्पल खाली जाऊन पडलेली. शुभांगी खाली दोन्ही हात तोंडावर ठेवून उभी. गाठ धरून होती, पण अस्लम हलत नव्हता.

मी हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. कठडा धरून तिसऱ्यांदा ओरडलो.

तेव्हा खालून शांतपणे आवाज आला, आणि माझ्या जिवात जीव आला.

"चाचा, लगेच वढू नका. आता कुठं पुरं दिसायलंय. म्हातारीचा डावा डोळा बारीक झालाय."