शेवटचा भाग कुणाकडे आहे?

ऑफिसातले किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. डबा उघडला की एक निघतो आणि डबा बंद होईपर्यंत त्याला दुसरा चिकटलेला असतो! पण या उन्हाळ्यात आमच्या टेबलावर जे काही झालं, ते सगळं एका कादंबरीमुळे.

कादंबरी माझ्या मुलीची, इराची. बारावी झाली, आता पुण्याला कॉलेजात जाणार. मी मराठीत विचारते, ती हिंदीत उत्तर देते, असं आमचं हिंदी मुलखातलं घर. हे जाडजूड इंग्रजी पुस्तक तिने कितीदा तरी वाचलं आणि दर वेळी रडली. गोष्ट काय, तर एक पोरगी ड्रॅगनचं पिल्लू घेऊन घरातून पळते. मी सहज विचारलं, "मग घरी परत येते की नाही?"

"आप नहीं समझोगी, मम्मी."

झालं! मला ते फार लागलं. ठरवलं, ही जायच्या आत पुस्तक संपवायचं आणि एकदा तरी हिच्याशी बरोबरीने बसून गप्पा मारायच्या.

*

मी सिविल लाइन्समधल्या एका सरकारी बांधकाम ऑफिसात आहे. डब्याच्या वेळी पुस्तक काढलं, तर आमचे हेड क्लार्क खरेसाहेब आणि शेजारच्या टेबलावरच्या पुष्पादीदी, दोघंही मान वाकडी करून वाचायला लागले. शिवण आधीच उसवली होती. खरेसाहेबांनी पुस्तकाचे सरळ तीन भाग केले, पंच मारला आणि फायलींत टॅगने बांधून टाकले. वाचायचा क्रम? ज्येष्ठतेनुसार! म्हणजे पुस्तक माझ्या घरचं आणि मीच शेवटी.

घरी नेलेला पहिला भाग बघून इरा किंचाळली, "मम्मी! ये नॉवेल है या पेंशन केस?"

*

टॅग लावताना खरेसाहेबांचा हात सवयीने चालला. फायलीत नवा कागद वर, जुना खाली; एका भागाची पानं उलटीच लागली! पुष्पादीदींनी अख्खा भाग तसाच वाचून काढला.

"कैसा लगा, दीदी?"

"बढ़िया है! फौज पहले हारी, फिर लड़ी, फिर घर से निकली. मुझे लगा आजकल ऐसे ही लिखते हैं."

*

खरेसाहेब समासात पेन्सिलीने शेरे मारायचे. राजाने युद्ध पुकारलं, तिथे लिहिलं होतं: 'सक्षम अधिकारी की अनुमति संलग्न नहीं.' ड्रॅगनने धान्याचं कोठार जाळलं, तिथे: 'ज़िम्मेदारी तय की जाए.'

मी म्हटलं, "साहेब, तो ड्रॅगन आहे!"

"मग काय झालं? परमनंट आहे ना?"

*

इराच्या जाण्याची तारीख जवळ यायला लागली, तसं माझं कशात लक्ष लागेना. वरण करपलं. ऑटोत वाचताना माझा चौक मागे गेला. एका मीटिंगमध्ये दुसरा भाग मांडीवर उघडा होता आणि मोठ्या साहेबांनी विचारलं, "शहपुरा वाले पुल का क्या हुआ?"

"जल गया, सर!"

साहेब उभेच राहिले. खरेसाहेब शांतपणे म्हणाले, "सर, मॅडम दूसरे ज़िले का बता रही हैं."

*

पुष्पादीदींना माझी दया आली. त्या म्हणाल्या, "मेरा नंबर तू ले ले." पण शेवटचा भाग खरेसाहेबांकडेच अडकला होता. रोज मी विचारायची, "झाला का?"

"घाई काहून करून राहिल्या, मॅडम? शेवट असा भसाभस वाचायचा असतो का?"

इराची गाडी शनिवारी. शुक्रवारी बघते तर खरेसाहेब रजेवर! मला धीर निघेना. ऑफिस सुटताच थेट चेरीतालला त्यांच्या घरी गेले. दार खरेकाकूंनी उघडलं.

"अहो, तो तर तुमची इरा दुपारीच घेऊन गेली. आईनेच मागवला म्हणे."

मी घरी आले. इरा सूटकेसवर बसून चेन लावत होती. विचारलं, तर म्हणाली, "कौन सा पार्ट?" मी सगळं घर उलथंपालथं केलं. दुसऱ्या दिवशी ती गेली. पुस्तकाबद्दल एक शब्दसुद्धा बोलणं झालं नाही. प्लॅटफॉर्मवरून परत येताना मला रडू आवरेना, आणि रागही तितकाच आला होता.

*

रविवारी संध्याकाळी फोन आला.

"मम्मी, बैठी हो ना?"

मी कुठली बसते! फोन कानाला लावून खोलीभर येरझाऱ्या घालत होते. पलीकडे पान उलटल्याचा आवाज आला आणि इरा वाचायला लागली. एकेक इंग्रजी वाक्य मनात वाचायचं, थांबायचं, शब्द शोधायचा आणि बोलायचं. मराठीत!

"ती... थकली होती. पण चालून राहिली होती. पिल्लू आता मोठा झाला होता, तो तिच्या... मागून येऊन राहिला होता..."

मी जिथे होते तिथेच खाली बसले. पान संपलं.

"पुढे?"

"आज एवढंच."

"अगं, पण ती घरी परत येते का, तेवढं तरी सांग!"

"उद्या फोन कर, मम्मी. रोज एकच पान वाचणार मी. खूप पानं आहेत अजून."