डब्यातला वळू

माझ्या आईला एक दुपारसुद्धा ठेवून घेतलं नाही त्या माणसानं, आणि बैलाला मात्र वर्षानुवर्षं ठेवलं. हे मी माझ्या वडिलांबद्दल सांगतेय. त्यांना मी दादा म्हणते. मी एकुलती एक. मुलगा झाला नाही हा दोष आईचा, असं त्यांनी गावाला आणि आईला आयुष्यभर ऐकवलं.

आई मे महिन्यात गेली, पहाटे. मी तेव्हा पुण्यात नोकरीला होते. फोनवर म्हटलं, "दादा, निघालेय. थांबा." परभणीहून बर्फाची पेटी मागवता येते, टेम्पोत घालून घरपोच आणून देतात, हेही सांगितलं. मानवतला बसमधून उतरून रिक्षानं गावात पोचले, तर लोक स्मशानातून परत येत होते. दादा ओट्यावर चहा पीत बसले होते. म्हणाले, "मेल्यालं माणूस ठिवून काय करायचं? उनात वास सुटतो." आईचं तोंड मला दिसलं नाही. त्या वाक्याचा राग अजून गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

पुढं मी सेलूला आले, शाळेत विज्ञान शिकवायला लागले. शनिवारची शाळा सकाळी असते. ती सुटली की गावाकडे जायचं, दादांचं घर झाडायचं, कपडे धुवायचे, पिठामिठाचं बघायचं आणि परत निघायचं. माया म्हणून नव्हे, लोक नावं ठेवतील म्हणून.

दादांची माया होती वळूवर. लाल कंधारी जातीचा, खांद्याकडे काळसर होत गेलेला, चालला की गल्ली भरून जायची. आसपासच्या गावांतल्या गायी त्याच्याकडे यायच्या. घरात सगळ्यांना नावं होती, त्याला नव्हतं. त्याला ते नुसतं "माझा" म्हणायचे. लम्पीच्या साथीत त्याच्या अंगभर गाठी उठल्या आणि तो गेला. खड्डा खणून, मीठ टाकून पुरला. दादांनी अन्न सोडलं. आईच्या दहाव्याला याच माणसानं भात पुन्हा मागून घेतला होता, ते मी विसरलेले नाही.

पण वळू सगळाच गेला नव्हता. साथीच्या आधी जनावरांच्या डॉक्टरांनी देशी वळूंचं वीर्य गोठवून ठेवायचं काम काढलं होतं आणि त्यात याचाही नंबर लागला होता. त्यातल्या थोड्या कांड्या, म्हणजे पेनाच्या रिफिलीएवढ्या बारीक नळ्या, दवाखान्यातल्या नायट्रोजनच्या डब्यात दादांसाठी ठेवल्या होत्या. डबा दिसायला दुधाच्या कॅनसारखाच. आत मात्र असली थंडी, की बोट घातलं तर बोट गेलंच म्हणून समजायचं. दादांना त्या कांड्यांतून एक वासरू हवं होतं. दुसरं काहीच नको होतं.

एका शनिवारी मी भांडी घासत होते तर म्हणाले, "परदेशात माणसं बी ठिवत्यात म्हनं अशी. मेल्यावर गार करायची, औषध निघालं की उठवायची. खरं हाय का?" मोबाईलवर काहीतरी बघितलं होतं.

मी सांगितलं, ठेवतात, पण अजून उठलेलं कोणी नाही. वीर्याचं जमतं कारण ते थेंबभर असतं. आधी त्यात ग्लिसरॉल घालतात, मग गोठवतात, म्हणून बर्फ त्याला फाडत नाही. अख्खा देह असा आतून-बाहेरून सारखा गार होत नाही. कुठेतरी बर्फ धरतोच आणि पेशी फुटतात. "फ्रीजरमध्ये टमाटं ठेवून बघा. बाहेर काढलं की नुसतं पाणी आणि साल."

"मंग बेडूक कसं राहतंय? उन्हाळाभर काळ्या रानात गाडून घेतंय, पाऊस पडला की वरडायलंय."

"ते मेलेलं नसतं, दादा. ते कमी कमी जगत असतं. आई जगली तसं."

दादा हसले. त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय. "लय शिकलीस," म्हणाले. मी म्हटलं, "तुमच्या काळजाला मात्र नायट्रोजन लागायचा नाही." त्यालाही हसले. या माणसाला टोचून बोलण्यात काही अर्थ नसतो, पण मी बोलायची थांबत नाही.

दोन कांड्या आधीच वाया गेल्या होत्या. घरची गाय माजावर आली, कांडी भरवली, उलटली, म्हणजे गाभ धरलाच नाही. पुन्हा माजावर आली, पुन्हा भरवली, पुन्हा उलटली. दादांनी दोष गायीला दिला. "भाकड हाय," म्हणाले आणि तिला बाजार दाखवला. घेणाऱ्याकडे ती गाभण राहिली आणि सुखरूप व्याली, हे मी दादांना आवर्जून सांगितलं. त्यांनी ऐकलंच नाही. नवी गाय आणली. कांडी उरली होती एकच.

दिवाळीच्या सुट्टीत ही नवी गाय माजावर आली. दादांनी पहाटेच तिला धुतलं आणि ऊन चढायच्या आत आम्ही तिला घेऊन मानवतच्या दवाखान्यात हजर. डॉक्टरीणबाई नव्यानं आल्या होत्या. गाय खोड्यात, म्हणजे जनावर अडकवायच्या लाकडी चौकटीत, उभी केली, दादा तिच्या पाठीवर हात ठेवून बाहेर थांबले. बाई मला आत म्हणाल्या, "दोनदा उलटलंय ना? मग भरायच्या आधी थेंबभर बघूनच घेऊ." कांडी कोमट पाण्यात धरली, टोक कापलं, काचेवर एक थेंब घेतला. बघितलं. मग सूक्ष्मदर्शक माझ्याकडे सरकवला.

या थेंबात शुक्राणूंची नुसती झुंबड असायला हवी. मी डोळा लावला तर सगळं जागच्या जागी, एकही हलत नव्हतं. दादांचं वासरू तिथं मरून पडलं होतं.

"डबा कोरडा पडला होता का?" बाईंनी शिपायाला विचारलं.

"न्हाई, मॅडम. भरलेलाच असतो," तो म्हणाला. मग मोकळ्या मनानं सांगू लागला, "काका येत्यात की बाजाराच्या दिवशी. टोपी काढून उभे राहत्यात. मी त्यांची कांडी वर काढून दावतो. सोयरे आले तर त्यांना बी घिऊन येत्यात. सगळ्यांनी बघितली की ठिवतो परत."

बाईंनी कपाळाला हात लावला. डब्याच्या तोंडाशी आली तरी कांडीला ऊब लागते, चार क्षणांत आतलं मरायला लागतं, आणि पुन्हा बुडवलं तरी ते उठत नाही. आणि इथं दर बाजाराला दर्शन चाललं होतं. सोयऱ्यांच्या हातांतून कांडी फिरत असणार. "हा माझा," असं म्हणत असतील दादा.

बाई चांगल्या होत्या. हळूच म्हणाल्या, "दुसऱ्या लाल कंधारीची कांडी भरते. वासरू लालच होईल. काकांना कशाला सांगायचं या वयात?"

मला ते पटलं नाही. मला बर्फाच्या पेटीची वाट न बघता जाळलेली आई आठवली. मी बाहेर गेले.

"दादा, कांडी मेलेली हाय," मी म्हटलं. रागावले की माझी भाषा आपोआप गावची होते. "आधीच्या बी मेलेल्याच होत्या. गायीचा काय दोष न्हवता. तुमीच मारलं त्याला, बघून बघून."

मी सगळं समजावलं, एकेक गोष्ट, वर्गात समजावते तसं. त्यांचा हात गायीच्या पाठीवरून खाली आला. तोंड एवढंसं झालं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. म्हटलं, "मेल्यालं ठिवून काय करायचं म्हनला होता ना? बैलाला ठिवलं. आईचं तोंड मला एकदा दावलं असतं तर काय बिघडलं असतं?"

दादांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. मग माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाले, "बघितल्यानं मरतंय म्हनतीस ना? मंग तुझी माय तुला न्हाई दावली, ते बरंच केलं म्हन की."

डॉक्टरीणबाई दारात दुसरी कांडी घेऊन उभ्या होत्या. दादांनी त्यांना हातानंच नको म्हटलं आणि चालायला लागले. खोड्याचा आडणा काढून गाय मीच सोडली. ती माजावर होती, सारखी हंबरत होती, आणि गाव येईपर्यंत तिला ओढत नेणं माझ्याच वाट्याला आलं.