‘हलू नका’ म्हणजे काय?

ती घटना आठवली की अजूनही चेहऱ्यांच्या आधी एक प्रश्न ऐकू येतो. हॉस्पिटलातल्या खाटेवर, पायाला वजन लावून झोपलेल्या एका बंगाली बाईंनी तो मला विचारला होता. तो त्यांनी विचारला नसता तर मी ते प्रकरण दुसऱ्याच दिवशी आवरून टाकले असते आणि त्यात मला कुणी दोषही दिला नसता.

सत्तरच्या दशकाच्या मध्यातली गोष्ट. आमचे घराणे आजोबांपासून कलकत्त्यात. घरात मराठी, रस्त्यावर बंगाली, साहेबांपुढे इंग्रजी अशात मी वाढलो आणि तिथल्याच पोलीस दलात सब-इन्स्पेक्टर झालो. तेव्हा माझी नेमणूक दक्षिण कलकत्त्यातल्या एका ठाण्यात होती. एका सकाळी हजेरी संपत असताना एक उंच, पिकल्या मिशांचा बिहारी ड्रायव्हर दारात येऊन उभा राहिला आणि हात जोडून म्हणाला, “हुजूर, माझ्या गाडीखाली एक दीदी आल्या. त्यांना हॉस्पिटलात पोचवून इकडे आलोय. गाडी बाहेर उभी आहे.”

अशी खबर ठाण्याला क्वचित मिळते. कलकत्त्यात तेव्हा अपघात झाला की गर्दी आधी ड्रायव्हरला बडवायची, मग गाडी पेटवायची. त्यामुळे ड्रायव्हर जखमीला टाकून पळून जात. हा माणूस स्वतः जखमीला घेऊन गेला होता आणि स्वतःच हजर झाला होता. आमच्या ठाण्याचे प्रमुख, ज्यांना सगळे बडोबाबू म्हणत, ते खूश झाले. “याचं लायसन्स बघा, जबाब घ्या, आणि लवकर दोषारोपपत्र पाठवून द्या,” असे मला सांगून ते दुसऱ्या कामाला लागले.

मी डायरीत नोंद केली आणि जागा बघायला गेलो. तिथे ‘लेक’ म्हणतात त्या तलावाच्या बाजूचा रुंद, शांत रस्ता. फुटपाथ पाण्याच्या पाइपांसाठी लांबवर खणलेला होता, त्यामुळे चालणाऱ्यांना रस्त्यावरूनच जावे लागत होते. चाकांच्या खुणांवरून दिसत होते की गाडी सरळ येता येता डावीकडे वळली होती, मातीच्या ढिगाऱ्यावर चढली होती आणि तिथे थांबली होती. ब्रेक दाबल्याच्या खुणा कुठेच नव्हत्या. मी नकाशा काढला, खणलेला फुटपाथ त्यात नीट दाखवला आणि परत आलो.

“ब्रेक लागला नाही,” ड्रायव्हर म्हणाला.

मोटार-वाहन निरीक्षकांनी गाडी तपासली. ब्रेक उत्तम होते.

इथे माझे कुतूहल जागे झाले. अपघातातल्या माणसाचा जबाब कसा असतो हे मला तोवर कळू लागले होते. त्याला आधीचे आठवते, नंतरचे आठवते, मधला क्षण मात्र तुटक असतो. तो तीनदा सांगेल तर तीन वेळा थोडे वेगळे सांगेल. या ड्रायव्हरने मात्र तीनही वेळा तेच, त्याच क्रमाने सांगितले. शिवाय अर्धे आयुष्य गाडी चालवलेल्या माणसाचा पाय अशा वेळी आपसूक ब्रेकवर जातो. इथे तो ॲक्सिलरेटरवर गेल्यासारखे दिसत होते.

दुपारी हॉस्पिटलात गेलो. जखमी बाई एका मुलींच्या शाळेत ड्रिल शिकवत. अविवाहित, चाळिशीच्या आसपास, आवाज खणखणीत. घरी दृष्टी अधू झालेले म्हातारे वडील. मांडीचे हाड मोडले होते. खाटेशेजारी फळांची मोठी करंडी होती. त्यांनी जबाब दिला: सकाळच्या शाळेला चालत निघाले होते, मागून गाडी आली, हाच ड्रायव्हर चालवत होता, त्यानेच इथे आणले. मी सगळे लिहून घेतले. सही झाली. त्यांनी कागदावर माझे आडनाव वाचले आणि विचारले, “तुम्ही मराठी ना? मग एक सांगा, ‘हलू नका’ म्हणजे काय?”

“हलू नका म्हणजे नडबेन ना,” मी बंगालीत सांगितले. “का?”

“काही नाही. डोक्यात बसलंय सकाळपासून.”

“कुठे ऐकलंत?”

बाईंच्या चेहऱ्यावर एकदम दार लावल्यासारखे झाले. “आठवत नाही,” म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड केले.

परत येऊन मी ड्रायव्हरला समोर बसवले, चहा दिला आणि इकडच्या तिकडच्या गप्पांमधून सहज विचारले, “दीदी पडल्या तेव्हा तू त्यांना काय म्हणालास?”

“म्हणालो, दीदी, हिलिए मत.”

“त्याच शब्दांत?”

“हां हुजूर. मैं और क्या बोलूँगा?”

मग मी मराठीत विचारले, “आणि ‘हलू नका’ कोण म्हणालं?”

गाडीचे मालक मराठी; त्या घरात एवढी वर्षे नोकरी केलेल्या माणसाला ते समजले. त्याने कप खाली ठेवला. पण तोंडातून एकच वाक्य आले, “गाडी मीच चालवत होतो.” त्यापुढे तो बधला नाही. मीही जोर केला नाही. लाचारीने खोटे बोलणारा आणि निष्ठेने खोटे बोलणारा यांत फरक असतो. दुसऱ्या प्रकारच्या माणसावर धाक चालत नाही.

आता माझी अडचण सांगतो. गाडी ज्या घरची होती, ते घर मी लहानपणापासून ओळखत होतो. कलकत्त्यात मराठी माणसे ती किती! गृहस्थ व्यापारात नाव कमावलेले, गणपतीत सगळ्यांत पुढे, माझ्या वडिलांचे स्नेही. मी त्यांना काका म्हणत असे. संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो.

“ये, ये,” काका म्हणाले. “अरे, ड्रायव्हर स्वतः हजर झाला, बाईंना मी फळं घेऊन भेटून आलो, खर्चाचं बघतो म्हणालो. अजून काय राहिलं?”

“काका, गाडीत आणखी कोण होतं?”

“कोणी नाही.”

“वहिनी घरात आहेत का?” काकांचा मुलगा माझ्याच वयाचा. तो नुकताच एका पोलाद कारखान्याच्या गावी बदलून गेला होता. गाडी त्याच्या नावावर होती आणि बायको सध्या सासरी होती. नागपूरकडची मुलगी, लग्नाला फार दिवस झाले नव्हते.

“तिला ताप आहे.” काकांचा आवाज खाली आला. “हे बघ, तू आपल्यातला आहेस. आमच्या घरच्या सुना गाड्या चालवत नाहीत. आणि समजा, कुणी चालवली असती, लायसन्स नसताना, तर विमा कंपनी हात वर करेल. मग त्या बाईंना काय मिळणार? मी जे केलं ते त्यांच्याही भल्याचंच आहे.”

मी निरोप घेऊन निघालो. खरी गंमत अशी की काकांचे म्हणणे मला खोडता येत नव्हते.

दुसऱ्या सकाळी हॉस्पिटलात गेल्याबरोबर बाई कडाडल्या. “तुम्हाला कळलंय ते मला दिसतंय. हो, चालवणारी एक तरुण मुलगी होती. रस्त्यात माझ्याजवळ बसून ‘हलू नका, हलू नका’ म्हणत रडत होती, माझं डोकं मांडीवर घेतलं होतं. गर्दी जमायच्या आत ड्रायव्हरनं तिला रिक्षात घालून घरी धाडलं. मग तिचे सासरे इथे आले आणि म्हणाले, मुलीचं नाव आलं तर विमा कंपनी एक पैसा देणार नाही. माझी नोकरी पायावर आहे, दारोगाबाबू. मी उड्या मारून दाखवते म्हणून मुली उड्या मारतात. बाबांना दिसत नाही. तुम्हाला खरं हवंय, मला उपचार हवेत. तुमचं खरं लिहून माझं भलं होणार आहे का, ते आधी सांगा.”

तिथून मी थेट कोर्टात काम बघणाऱ्या आमच्या इन्स्पेक्टरांकडे गेलो. त्यांनी मला जे समजावले ते सामान्य माणसाला आजही ठाऊक नसते. अपघातातून दोन वेगळ्या वाटा निघतात. एक फौजदारी: निष्काळजीपणे गाडी चालवली म्हणून पोलीस खटला भरतात, दंड किंवा कैद होते, पण जखमीच्या पदरात काही पडत नाही. दुसरी भरपाईची. त्यासाठी जखमीने स्वतः मोटार अपघात न्यायाधिकरणात अर्ज करायचा, तेव्हा त्याला सहा महिन्यांची मुदत होती. गाडीचा विमा सक्तीचा असतो तो रस्त्यावरच्या तिऱ्हाइतासाठीच. मात्र चालवणाऱ्याकडे लायसन्स नसेल तर कंपनी अंग काढून घेऊ शकते, आणि मग मालकामागे धावावे लागते. गाडी सापडलीच नाही तर त्या काळी जखमीला कुणाकडेच दाद मागता येत नव्हती. त्यासाठीची तरतूद पुष्कळ नंतर झाली.

“म्हणजे काका बरोबर बोलत होते,” मी म्हणालो.

“मुलीकडे लायसन्स नसेल तर बरोबर,” इन्स्पेक्टर म्हणाले. “नाहीये, हे तुला कोणी सांगितलं?”

काकांनी सांगितले होते. पण काकांना कोणी सांगितले होते?

मला पुन्हा त्या घरी जावे लागले नाही. त्याच दुपारी ती मुलगी ट्रामने एकटी ठाण्यात आली. साधी सुती साडी, डोळे सुजलेले, पण पाय भक्कम रोवून उभी. शेजारच्या टेबलावरचे हवालदार बघायला लागले तेव्हा मी तिला आतल्या खोलीत बसवले आणि महिला कॉन्स्टेबलला बोलावून घेतले.

“भाऊजी, मी चालवत होते,” ती म्हणाली. “ड्रायव्हरकाका शेजारी होते. मातीचा ढीग बघून मी गडबडले आणि पाय चुकला. तुम्ही काल आलात तेव्हा मी आतून ऐकत होते. मला ताप नाही.”

“लायसन्स?”

“शिकाऊ आहे. ह्यांनी बदलीच्या आधी काढून दिलं. ड्रायव्हरकाकांना तेच सांगून गेले की हिला शिकवा.”

मी खुर्चीत पुढे सरकलो. “हे सासऱ्यांना का नाही सांगितलंस?”

“मला कोणी विचारलंच नाही. मी घरात शिरले, मामंजींनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, तू खोलीत जा. त्यानंतर सगळे माझ्याबद्दल बोलत होते, पण माझ्याशी कोणी बोलत नव्हतं.”

लायसन्सची मुदत शिल्लक होती. शेजारी पक्का परवानाधारक बसलेला होता. नवरा, म्हणजे गाडीचा मालक, याची परवानगी होती. खऱ्या जबाबात कंपनीला सुटायला मोठी वाट राहत नव्हती. उलट खोट्या जबाबाचा धोका होता, कारण तो पुढे कधी फुटला असता तर बाईंचा दावा तिथेच संपला असता.

मी ड्रायव्हरला बोलावले. तिला तिथे बघून तो खाली बसला आणि लहान मुलासारखा रडू लागला. गाडीवरची शिकाऊची पाटी त्यानेच घाईत काढून टाकली होती, तेही त्याने सांगितले.

बडोबाबू माझ्यावर चिडले, कारण सरळ प्रकरण मी वाकडे केले होते. काका आमच्या घरी येऊन माझ्या वडिलांशी मोठ्याने बोलले. वडिलांनी ऐकून घेतले. फौजदारी खटल्यात मुलीने गुन्हा कबूल केला, तिला दंड झाला. ड्रायव्हरला मॅजिस्ट्रेटांनी खोट्या खबरीबद्दल खडसावून सोडून दिले.

भरपाईचे प्रकरण लांबले. सुनावणीत मी साक्षीदार होतो. कंपनीच्या वकिलांनी आधी विचारले की बाई फुटपाथ सोडून रस्त्यावर का चालत होत्या. माझा नकाशा पुढे आला. मग गाडीवर शिकाऊची पाटी नव्हती असा मुद्दा आला, त्यावर ड्रायव्हरने पाटी आपणच काढल्याचे शपथेवर सांगितले. शेवटी वकील बाईंकडे वळले.

“तुम्ही पोलिसांना आधी खोटा जबाब दिलात, खरं ना?”

बाई कुबड्यांवर रेलून उभ्या होत्या. “खरं आहे,” त्या म्हणाल्या. “मला सांगण्यात आलं होतं की खरं बोलले तर कायदा मला काही देणार नाही. कायदा काय म्हणतो ते माझ्या खाटेपाशी येऊन सांगणारा दुसरा कोणी नव्हता.”

न्यायाधिकरणाच्या अध्यक्षांनी ते वाक्य तसेच लिहून घेतले. निकाल बाईंच्या बाजूने लागला. उपचार, बुडालेला पगार आणि पायात कायमचे राहिलेले अधूपण, तिन्हींची भरपाई कंपनीने द्यायची असे ठरले. पाय पूर्वीसारखा झाला नाही. ड्रिल सुटले, शाळेने त्यांना ग्रंथालयात घेतले. ते काम त्यांना कधीच आवडले नाही आणि हे त्या भेटेल त्याला सांगत.

काका पुढे माझ्याशी कधी बोलले नाहीत. गणपतीत समोरासमोर आलो तरी मान वळवीत. त्यांची सून नवऱ्याकडे राहायला गेली. तिने पक्के लायसन्स काढले, हे मला तिच्या नवऱ्यानेच नंतर हसत सांगितले.

त्या प्रकरणाने मला काय शिकवले? पोलीस म्हणून मी धरून चालत होतो की खोटे बोलतो तो गुन्हेगार. इथे त्या मुलीखेरीज सगळेच खोटे बोलले, जखमी झालेली बाईसुद्धा, आणि प्रत्येकाला आपण कुणाला तरी वाचवतो आहोत असे वाटत होते. कायद्यात नेमके काय आहे हे मात्र त्यांच्यापैकी कुणीच पाहिले नव्हते. काकांनी तर्क केला, तो बाईंना ठाम शब्दांत सांगितला, आणि वेदनेत पडलेल्या माणसाला ठाम आवाज खरा वाटतो. समझोत्याच्या कागदावर अशा अवस्थेत अंगठे उठलेले मी पुढे कितीतरी पाहिले.

म्हणून नंतरच्या साऱ्या नोकरीत मी एक सवय ठेवली. रस्त्यावरचा कुणी जखमी माणूस हॉस्पिटलात भेटला की गाडीचा नंबर, वेळ, ठिकाण हे सगळे मी मागाहून विचारत असे. आधी खाटेशेजारी स्टूल ओढून बसायचो आणि विचारायचो, “माझ्याआधी तुम्हाला कोण भेटून गेलं, आणि काय सांगून गेलं?”