पाहुण्यांसाठी नवे कपडे

दिघ्यातल्या चर्चच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी वस्तीतल्या मुलांना शिकवायचे. परदेशातलं एक चर्च तिथे पक्की शाळा बांधून देणार होतं आणि त्याआधी त्यांची माणसं मुलांना बघायला यायची होती. मी आदल्या दिवशी आयांना सांगितलं, "उद्या पाहुणे येणार आहेत, पोरांना नीट पाठवा."

सकाळी बघते तर पोरं लग्नाला निघाल्यासारखी! चमकीचे फ्रॉक, तोंडाला पावडर, एकाच्या अंगात थोरल्या भावाचा कोट. ही मुलं गरजू कुठून वाटणार? बघून पाहुण्यांचं मन बदललं तर? चर्चचे पास्टर काही बोलले नव्हते, मीच घाबरून ओरडले, "घरी जा आणि रोजचे कपडे घालून या."

कंपनीत खाडा करून पोरीला घेऊन आलेली एक आई म्हणाली, "बाई, पाहुने आल्यावर कोन फाटकं घालतं?"

"आत्ता वाद नको," मी तिच्यावर खेकसले. टेन्शनमध्ये मला दुसरं काही सुचतच नव्हतं.

पोरं विटक्या कपड्यांत परत आली आणि गपचूप रांगेत बसली. तेवढ्यात गाडी आली. उतरलेल्या गोऱ्या बाईंनी नवीकोरी साडी नेसली होती, जागोजागी पिना लावून, केसांत गजरा माळून. आम्हाला भेटायचं म्हणून त्या नटून आल्या होत्या.

त्या आईच्या पोरीने फ्रॉकचा उसवलेला खांदा हाताने झाकला.