ताईच्या तीन बरगड्या

आमच्या आजोबांनी धम्म स्वीकारला त्या दिवशी देव्हाऱ्याबरोबर अंगारे-धुपारे, करणी, भूतबाधा हे सगळंच घराबाहेर गेलं. त्यात मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. या सदरातले अनुभव वाचून आजवर हसतच आले... आज स्वतः लिहायला बसलेय, कारण घडलं ते भर दिवसा, अकरा माणसांच्या देखत.

संभाजीनगरहून पैठण रोडनं निघालं की चितेगावच्या अलीकडे एक जुनं गोदाम आहे. बंद पडलेल्या एका जिनिंग मिलचं. कापसाच्या गाठी ठेवायचे तिथं. विटांच्या जाड भिंती, वर पत्रे, पुढं ट्रक लावायचा ओटा. मालकाच्या वारसांनी ते आमच्या गायन मंडळाला वापरायला दिलं. तालमी, वाचनालय, मुलींसाठी हार्मोनियम-ढोलकीचे वर्ग – असं सांस्कृतिक केंद्र करायचं ठरलं. मंडळ माझ्या मोठ्या बहिणीचं, शोभाताईचं. भीमगीतं गाण्यात तिचं आयुष्य गेलं. माईक बंद पडला तरी शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असा आवाज.

काम सुरू होऊन आठवडा झाला नाही तोच फॅब्रिकेशनवाले सलीमभाई म्हणाले, "मॅडम, वो पीछे के कोने में मेरे लोगां टिकते नै. दम घुटता बोलते."

पत्र्याची उष्णता, कोंदट हवा... मला त्यात काही विशेष वाटलं नाही. एक्झॉस्ट बसवला. मग स्वतः जाऊन उभी राहिले. पाचेक मिनिटांत कोणीतरी छातीवर हात ठेवून हळूहळू दाबत आणतंय असं वाटायला लागलं. बाजूला झाले, ॲसिडिटीची गोळी घेतली आणि कोणाला काही बोलले नाही. तेव्हा बोलले असते तर – हा विचार आजही पाठ सोडत नाही.

त्या रविवारी सकाळी अकराला ताई मंडळातल्या सगळ्यांना घेऊन आवाज तपासायला आली. टाळ्या वाजवत, गुणगुणत हॉलभर फिरली आणि नेमकी त्या कोपऱ्यात थांबली.

"अगं, इथं बघ आवाज कसा भरून येतोय! स्टेज इथंच करू."

मी मोबाईलवर शूटिंग सुरू केलं. पहिलं कडवं संपलं. तिचं इतकं सुंदर गाणं मीही कधी ऐकलं नव्हतं. दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर आवाज तुटला. तोंड उघडं, हात अर्धवट वर, डोळे माझ्याकडे... आणि श्वास नाही. ना ती पडली, ना खोकली. मग कट् असा आवाज आला. पुन्हा एक. मी धावत जाऊन तिला ओढलं तेव्हा तिनं श्वास घेतला आणि किंचाळली.

एक्स-रेत डाव्या बाजूच्या तीन बरगड्या मोडलेल्या. डॉक्टरांनी विचारलं, "अंगावर काही पडलं का? गाडीचा धक्का?" मी शूटिंग दाखवलं. त्यांनी दोनदा पाहिलं, हाडांच्या तपासण्या सांगितल्या. त्या सगळ्या नॉर्मल आल्या.

तिसऱ्या दिवशी गोदामाचे वॉचमन कडुबामामा हॉस्पिटलात आले. सत्तरीचे. पूर्वी त्याच गोदामात हमाली करायचे. ताईच्या पायाशी उभे राहिले.

"मामा, बसा ना," ताई म्हणाली.

"नाय बाई. उभ्यानंच सांगतो. गिरजा नावाची बाई व्हती, आमच्या संगं रोजानं यायची. त्या कोपऱ्यात गाठींची थप्पी ढासळली. एकेक गाठ पावणेदोन क्विंटलची. मला आवाज आला व्हता... लई लांबून यावा तसा. मी म्हनलं, कोणतरी ओरडतंय. मुकादम म्हनला, मशीनचा पट्टा वाजतोय, गाडी भर. म्या भरली."

"आणि ती?"

"दुसऱ्या दिशी थप्पी उचलली तवा सापडली. ट्रकात घालून नेली. कुठं ते नाय माहीत. हजेरीत नावच नव्हतं तिचं. आमाला म्हनले, कोणी बोललं तर उद्यापासून काम बंद."

मंडळातल्या एकीनं नारळ-लिंबाचं सुचवलं. ताईला बोलताना कळा येत होत्या, तरी म्हणाली, "उतारा नको. माणूस मेलंय तिथं. तिचं घर शोधा."

कडुबामामांना एवढंच आठवत होतं, की ती शेंद्र्याकडच्या एका वाडीची, मेंढरंवाल्यांची. दोन रविवार फिरल्यावर तिची मुलगी सापडली – मुक्ताबाई. पंचेचाळिशीच्या. कंपनीत झाडलोटीचं काम करतात. आई गेली तेव्हा सहा वर्षांच्या होत्या. मुकादमानं घरी येऊन सांगितलं होतं, तुमची बाई कोणाचा तरी हात धरून पळून गेली. बापानं तिचं नाव पुन्हा कधी काढलं नाही. मुक्ताबाईंचं लग्न दोनदा मोडलं, आईच्या नावावरून.

मामांनी सगळं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजी माय आमाला टाकून गेली नव्हती?"

मामांनी नाही म्हणून मान हलवली.

"चाळीस वर्सं म्या तिला शिव्या देल्या," एवढंच त्या बोलल्या आणि पदर तोंडात कोंबला. मामांकडे त्यांनी पुन्हा पाहिलं नाही.

पोलिसांत गेलो. मुकादम, जुने मालक दोघंही हयात नाहीत. कागद एकही नाही. अर्ज घेतला गेला, इतकंच.

केंद्र सुरू झालंय. कोपऱ्यातल्या भिंतीवर गिरजाबाईंचं नाव लिहिलंय. त्यानंतर सगळं शांत झालं असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालेलं नाही. आजही तिथं कोणी उभं राहिलं की पाच-सात मिनिटांत छाती धरून बाजूला होतं. हवा तपासली, पाया तपासला, मुंबईहून एक प्राध्यापक मित्र उपकरणं घेऊन आला... काही निघालं नाही. ताईच्या बरगड्या जुळल्या, पण तो आवाज गेला. दोन ओळींत धाप लागते.

तिथं बसायला फक्त मुक्ताबाई येतात. सुट्टीच्या दिवशी, दुपारच्या. त्या कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून तास-दीड तास बसतात. पहिल्यांदा मी घाबरून म्हणाले, "मावशी, उठा आता. त्रास होईल."

"मला काय होत नाय," त्या म्हणाल्या. "उलट मोकळं वाटतं."