करवलीची साडी

धाकट्या भावाचं लग्न ठरलं तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते, शाळेत शिकवत होते, बिनलग्नाची होते आणि जाड होते. यातली शेवटची गोष्ट आत्याला सगळ्यात जास्त खुपायची. भिवापूरहून ती लग्नाला आली तीच माझ्यासाठी गडद निळी नायलॉनची साडी घेऊन.

"गडद रंगात आंग झाकते. अन् नायलॉन कसं चोपून बसते! तू त्या खळ घातलेल्या सुती साडीत धानाच्या कणगीवानी दिसतं वं."

"कणगी भरलेलीच चांगली, आत्या."

"जीभ पाह्य हिची! मुलीकडचे पाहुणे येऊन राहिले. त्यातलं कोणी तुलेही पाहीन. हे नेसशीन तरच करवली हो. नाही तं माही पोरगी उभी राहीन. ते बारीक आहे."

नवरदेवामागे शकुनाच्या पाण्याचा करा घेऊन उभी राहते ती करवली. हा मान सख्ख्या बहिणीचा. मला तो आता नायलॉन नेसून मिळवायचा होता.

"नेस ना एक दिवस," आई म्हणाली.

नेसून पाहिली. वैशाखातली दुपार, वर पत्रे. घटकाभरात साडी घामाने पोटाला, मांड्यांना अशी चिकटली की झाकायचं ते सगळं उठून दिसायला लागलं. घामोळं आलं ते वेगळंच. मी ती सोडली, घडी घातली आणि पेजेची खळ करायला घेतली.

लग्नाच्या दिवशी मी हळदी रंगाची सुती साडी नेसले. वीतभर लाल काठ, कडक खळ. चालताना आवाज यायचा.

"निळी कुठं आहे?" आत्याने मांडवाच्या तोंडाशीच अडवलं.

"ठेवली. थंडीत नेसीन."

करा चौरंगावर होता. आत्याची मुलगी हात पुढे करणार तेवढ्यात मी तो उचलला आणि भावामागे जाऊन उभी राहिले. भर मांडवात तो ओढून घ्यायची आत्याची हिंमत झाली नाही.

"उशीर केला," भाऊ मागे न वळता म्हणाला.

"खळ वाळत नव्हती."

फोटोवाला म्हणाला, "ताई, जरा तिरप्या व्हा. बारीक दिसाल."

"काढ तू," मी म्हटलं आणि सरळ समोर तोंड करून उभी राहिले.

त्या फोटोत मी जाड दिसते. होतेच मी जाड. पण नवरदेवामागे कोण उभं आहे, हे कोणाला विचारावं लागत नाही.